जानेवारीत लेहला राहायचं तर

साताऱ्याहून निघताना मी दोन जाडजूड स्वेटर घेतले होते. चूक. उणे १५-२० अंशांत एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे. मधे अडकलेली हवाच ऊब धरते. अंगालगत सुती बनियन नको. घामानं ओलं झालं की ते वाळत नाही आणि थंडी आत शिरते. लोकर घाला. मोजे एकावर एक कोंबून बूट घट्ट करू नका, रक्त फिरलं नाही तर बोटं आधी गारठतात.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, हवा विरळ, त्यामुळे पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा. फिरायची हौस नंतर.

खोलीत बुखारी असेल, म्हणजे पत्र्याची शेगडी, धुराडं छताबाहेर काढलेली. झोपताना ती विझवायचीच. मी पहिल्या रात्री "राहू दे की" म्हटलं, तर घरच्या अमा-लेंनी (तिकडे आईला असंच आदरानं म्हणतात) मुकाट्यानं विझवली आणि गरम पाण्याची पिशवी हातात दिली. बंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही, माणूस झोपेतच जातो.

नळ गोठतात, म्हणून पाणी बादलीनं. संडासही कोरडा: वरून माती-राख टाकायची. दोन दिवसांत सवय होते, खरंच.

मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बॅटरी थंडीत झरझर उतरते. आणि लोण्या-मिठाचा गुरगुर चहा? तो चहा समजून पिऊ नका, सूप समजून प्या.