मिश्र लागवड करताना या चुका टाळा

“आमची मिश्र लागवड बघा” म्हणून लोक हौसेने नेतात आणि दिसतात ते नुसते पट्टे. इकडे साग, तिकडे महोगनी, कडेला काजू. याला मिश्र लागवड म्हणत नाहीत. किडीला जातीशी मतलब असतो. एका जातीची झाडं खेटून उभी केलीत की तिला काही शोधावं लागत नाही.

लांज्याकडच्या एका डोंगरउतारावर हेच झालं. मालक मुंबईत, ठेकेदाराने महोगनीचा अख्खा पट्टा लावून दिलेला. पावसात कोवळी फूट आली आणि शेंडे एकामागून एक माना टाकू लागले. मालकाला वाटलं, पाणी जास्त झालं. एक वाळका शेंडा उभा चिरून दाखवला तेव्हा आत पोकळ नळी, ओलसर भुसा आणि टोकाशी अळी. महोगनी आणि तिच्याच कुळातल्या तुणीचे शेंडे ही अळी पोखरते. झाड सहसा मरत नाही, पण शेंडा गेला की बाजूने फुटवे येतात आणि सरळसोट खोड मिळत नाही. म्हणजे ज्या लाकडासाठी खटाटोप केला, तेच हातचं गेलं. फवारणीही झाली, अळी खोडाच्या आत, औषध बाहेर. खालच्या रायवळ झाडीत, अर्ध्या सावलीत तीच रोपं विखरून लावलेली होती, ती मात्र बरीच सरळ वर गेली. झटपट पैशाच्या जाहिराती वाचून एकच जात लावणाऱ्यांनी तो उतार एकदा बघायला हवा होता.

दुसरी चूक जाणत्यांच्याही हातून होते. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, अर्जुन लावले की पाच जाती झाल्या असं धरतात. ही पाचही टर्मिनॅलिया या एकाच वंशातली (genus) भावंडं. एकाला लागलेली कीड दुसऱ्यावर सहज जाऊ शकते. यांच्यामध्ये जांभूळ, कोकम, खैर, आवळा, शिवण, फणस, नाणा यायलाच हवेत. मी खड्डे भरायच्या आधी रोपं पिशवीसकट खड्ड्यांशेजारी मांडतो आणि उतारावर फिरून बघतो. शेजारची चार एका कुळातली दिसली की अदलाबदल करतो. वेळ जातो, जाऊ दे.

बी एकाच झाडाखालचं गोळा करू नका. हापूसच्या कलमांत एकसारखेपणा हवा असतो, रानाला तो घातक. दोन-चार गावांतल्या निरोगी झाडांचं बी आणा.

पिशवीत मुळं गोल फिरलेली किंवा बुंध्याशी काळी पडलेली रोपं फुकट मिळाली तरी घेऊ नका.

लागवडीसाठी आधीचं रान साफ करू नका. ऐन-किंजळीच्या खुंटांना आपसूक धुमारे येतात. वणवा आणि गुरं अडवलीत तर अर्धं मिश्र रान तिथेच उभं राहतं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायचीच असेल तर भर पावसात नको, ओल्या जखमेतून बुरशी शिरते.

आणि मिश्र लावलं म्हणजे सगळे रोग टळले असंही नाही. मूळकुजीची गॅनोडर्मा बुरशी कितीतरी जातींवर जगते, खैरावर आणि ऑस्ट्रेलियन बाभळीवरही, आणि मुळाला मूळ लागून पसरते. ही ऑस्ट्रेलियन बाभूळ तोडून तिथेच खैर लावणार असाल तर आधी खुंट मुळांसकट उपटा. बुंध्याशी तांबूस, चकचकीत, कडक छत्री दिसली तर ते झाड आजूबाजूच्या मुळांसह काढून जाळा, आणि त्या खड्ड्यात लगेच नवं रोप लावू नका.