गावातला रक्तदाब मोजायचा, तर आखणी कशी करावी

‘बीपीवर काहीतरी करू’ हा विषय झाला, अभ्यासाचा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: कराड तालुक्यातल्या अमुक उपकेंद्राच्या हद्दीत ३० वर्षांवरील किती टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे? कोण, कुठले, काय मोजणार, हे एका वाक्यात बसलं पाहिजे. व्याख्याही आताच लिहून ठेवा: वरचा आकडा १४० किंवा जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा जास्त, नाहीतर गोळी चालू. गोळीचा भाग विसरलात तर औषधाने आटोक्यात असलेला पेशंट निरोगी म्हणून मोजला जातो.

किती माणसं लागतील? प्रमाण ३० टक्के असेल असं आधीच्या अभ्यासांवरून धरलं आणि ५ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतली, तर ४ × ३० × ७० भागिले ५ चा वर्ग, म्हणजे ३३६ (७० म्हणजे शंभरातून ३० वजा, आणि ४ हा ९५ टक्के खात्रीसाठी धरायचा ठरलेला आकडा). दहातला एक तरी नकार देतो किंवा सापडत नाही, म्हणून ३७४ धरा. सुट्या माणसांऐवजी अख्ख्या वाड्या निवडणार असाल तर हा आकडा साधारण दुप्पट करतात, कारण एका वाडीतली माणसं एकमेकांसारखी असतात.

खरा अभ्यास बिघडतो तो माणसं निवडताना. ग्रामपंचायतीत शिबिर लावून येतील त्यांचं बीपी घेणं सोपं, पण तिथे येतात दुखणी असलेले आणि दिवसा घरी असणारे. ऊसतोडीला, एमआयडीसीत पाळीला गेलेले येत नाहीत. त्यापेक्षा आशाताईंच्या रजिस्टरवरून ३० वर्षांवरील सगळ्यांची यादी करा. यादीत २४०० नावं असतील तर दर सहावं नाव घ्या. सुरुवात १ ते ६ मधल्या चिठ्ठीने. दाराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, एकदा तरी दिवेलागणीनंतर.

एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात माणसांना इजा किंवा अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी पहिल्या माणसाच्या आधी लागते. मागाहून मिळत नाही. संमतीपत्र मराठीत हवं, अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी. घरधन्याने ‘घ्या की’ म्हटलं म्हणजे बाईंची संमती झाली नाही, त्यांनाच विचारा. १८०/११० च्या वर कुणी सापडलं तर त्याच दिवशी कुठे पाठवायचं, हेही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहा.

मग दुसऱ्या गावात ३०-४० जणांवर पायलट, म्हणजे छोटी रंगीत तालीम, करा. ही माणसं मुख्य अभ्यासात धरायची नाहीत. प्रश्नांतल्या फटी इथेच दिसतात. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की आजी ‘न्हाई’ म्हणतात आणि त्यांचं खोटंही नसतं, कारण मिश्री त्या खात नाहीत, लावतात. मिश्रीचा प्रश्न वेगळा घाला. वय ‘सत्तर-पंच्याहत्तर असंल’ असं सांगितलं तर कोयनेच्या भूकंपाच्या वेळी, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, शाळेत जात होता का, लग्न झालं होतं का, ते विचारून वर्ष काढा.

मोजताना अर्धा तास आधी चहा, मिश्री, तंबाखू नको. निकोटीनने बीपी तात्पुरतं चढतं. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवा. दंड हृदयाच्या पातळीवर आणि उघडा असावा. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा यंत्राचा पट्टा, लहान पडला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून मोठा कफ पिशवीत ठेवाच. एकेका मिनिटाने तीन रीडिंग घ्या, शेवटच्या दोहोंची सरासरी धरा. संध्याकाळी फॉर्म चाळा: सगळे आकडे शून्यावर संपत असतील तर कुणीतरी अंदाजाने लिहितंय.

एक्सेलमध्ये नाव नको, क्रमांक टाका. न मिळालेल्या माहितीसाठी ० लिहू नका, ते सरासरीत घुसतं. ३३६ पैकी १०१ जणांना बीपी निघालं तर नुसतं ‘३० टक्के’ न लिहिता सोबत २५ ते ३५ ही मर्यादाही द्या, म्हणजे खरं प्रमाण बहुधा कुठे असेल ते कळतं.

मिश्री आणि बीपीचा संबंध लिहिताना विशेष जपा. दोन्ही एकाच वेळी विचारलेलं असतं, आधी काय झालं ते त्यातून कळत नाही. बीपी निघाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मिश्री सोडलेल्या बायका ‘मिश्री नाही’ या रकान्यात जातात, आणि मिश्री न लावणाऱ्यांतच बीपी जास्त दिसायला लागतं. म्हणून पायलटच्या वेळीच आणखी दोन प्रश्न फॉर्मात घाला: पूर्वी लावत होता का, आणि कधी सोडली.