मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं माणूस घरी आल्यावर काय, कसं

मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत होतं. पुढचे पाच-सहा आठवडे मात्र घरच्यांचे. कोकणात मुलं मुंबईला आणि घरात दोघंच, असं बऱ्याच ठिकाणी असतं. म्हणजे थेंब घालणारा हातही साठी-सत्तरीचाच, कधी थरथरणारा. ते गृहीत धरूनच पुढचं लिहिलं आहे.

तारीख ठरवताना

मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघू नका. जितका जुना, तितका तो कडक होतो आणि फेको पद्धतीने, म्हणजे ध्वनिलहरींनी फोडून बारीक छेदातून, काढणं अवघड जातं. पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन नको, हीही जुनीच समजूत. फक्त रस्त्याचा विचार करा. पहिल्या दहा दिवसांत अचानक दवाखान्यात जावं लागलं तर पऱ्या (ओढा) भरून वाट बंद होणार असेल, तर तेवढे दिवस तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे राहा. दुसऱ्या दिवशी तपासणीला जावंच लागतं, तेव्हा निदान पहिली रात्र दवाखान्याजवळ काढलेली बरी.

डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा. लघवीच्या त्रासासाठी पुरुषांना टॅमसुलोसिनची गोळी असते. तिने डोळ्यातली बाहुली नीट मोठी होत नाही आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो. गोळी बंद केली तरी हा परिणाम उरतो, म्हणून ती पूर्वी घेतली असेल तरी सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

थेंब घालणं

बहुतेक वेळा दोन बाटल्या देतात, एक जंतुनाशक आणि एक सूज उतरवणारी स्टिरॉइडची. बाटल्या दिसायला सारख्याच. एकीला एक रबर बँड लावा, दुसरीला दोन, आणि वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा. कानात घालायचे थेंब आणि झटपट चिकटवायच्या डिंकाची ट्यूब त्या फळीवरून उचला. डोळ्यात डिंक गेल्याच्या घटना खरोखर घडतात.

साबणाने हात धुऊन स्वच्छ टॉवेलला पुसा. पदर किंवा पंचा नको. पेशंटला खाटेवर उताणं झोपवा, नजर वर छताकडे. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी गालाच्या हाडावरून हलकेच खाली ओढा, म्हणजे आत खिसा तयार होतो. बाटली धरलेल्या हाताचं मनगट पेशंटच्या कपाळावर टेकवा, हात थरथरायचा थांबतो. थेंब त्या खिशात सोडायचा, बुबुळावर नाही. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागता कामा नये. ते लागलं की जंतू बाटलीत जातात आणि पुढचे सगळे थेंब खराब.

एकच थेंब पुरतो, दुसरा गालावरूनच ओघळतो. मग दोन मिनिटं डोळा अलगद मिटून ठेवायचा, घट्ट आवळायचा नाही. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी, नाहीतर तो पहिल्याला धुऊन काढतो. दुधासारखं पांढरट औषध असेल तर आधी बाटली चांगली हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं.

स्टिरॉइडचे थेंब उतरत्या क्रमाने असतात. समजा पहिल्या आठवड्यात रोज ६ वेळा, मग ४, ३, २, १. पाच आठवड्यांचे झाले ११२ थेंब. ५ मिलीच्या बाटलीतून थोडेफार सांडणारच, म्हणून दुसरी बाटली आधीच आणून ठेवा, गावच्या मेडिकलमध्ये ऐनवेळी ती मिळेलच असं नाही. डोळा छान दिसायला लागला म्हणून मधेच थांबवलं तर आतली सूज परत येते. उलट, सांगितलेल्या मुदतीनंतर मनाने चालू ठेवलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. फोडलेली बाटली महिन्याभरानंतर फेकून द्या.

पाणी आणि पट्टी

सकाळी पापण्या चिकटतात. मूठभर कापूस पाण्यात दहा मिनिटं उकळा, थंड झाल्यावर पिळून, मिटलेल्या पापणीवरून नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवा आणि बोळा टाकून द्या. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी डोळ्यात नको. मध, गुलाबपाणी, एरंडेल यांतलंही काही नको.

आंघोळ मानेखाली. डोकं साधारण आठ-दहा दिवसांनी, खुर्चीत मागे झुकवून, दुसऱ्या कोणीतरी धुवावं. समुद्र, नदी, तळं महिनाभर बंद.

रात्री प्लास्टिकची झाकणी लावायची, कारण झोपेत हात डोळ्यावर जातोच. उकाड्यात घामाने चिकटपट्टी सुटते. कपाळ आणि गाल कोरडे करून पट्टी कपाळापासून गालापर्यंत तिरकी लावा. झाकणी रोज साबणाने धुऊन वाळवा. किती रात्री लावायची ते डॉक्टर सांगतील, साधारण आठवडाभर तरी लागते.

घरातली कामं

इथेच खरी भांडणं होतात, कारण पेशंटला दुखत नसतं. पंधरा दिवस चूल नको. धुराचा त्रास असतोच, शिवाय फुंकणीसाठी वाकावं लागतं. रहाटाने पाणी शेंदणं, कळशी, आंब्याची पेटी, नारळ सोलणं बंद. गोठ्यात तर मुळीच जाऊ देऊ नका, म्हशीच्या शेणाने माखलेल्या शेपटीचा एक फटका पुरे. काजू-फणसाच्या चिकापासूनही दूर. जुन्या घराच्या बुटक्या चौकटीला कपाळ आपटायची भीती असते, तिथे लाल फडकं बांधा. बद्धकोष्ठता किंवा खोकला असेल तर लगेच औषध घ्या, जोर लावू नये. दुचाकीवर मागे बसवण्यापेक्षा रिक्षा बरी, जांभ्याची लाल धूळ डोळ्यात जाते. टीव्ही बघायला हरकत नाही, त्याने जखमेचं काही बिघडत नाही.

घाबरायचं कधी

थोडं खुपणं, पाणी येणं, उजेड टोचणं, पांढऱ्या भागात लाल डाग, रंग निळसर भासणं, हे सगळं चालतं. पण दुखणं वाढत गेलं, आधी दिसत होतं ते अंधुक झालं, लाली वाढली किंवा पू आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना गाठा. डोळ्याच्या आत संसर्ग झाला तर तो बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो आणि काही तासांत नजर घालवू शकतो. विजा चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके एकदम वाढणं, कडेने पडदा सरकल्यासारखं वाटणं, हेही तितकंच तातडीचं. रेंज येत नसेल तर वाडीत कुणाकडे गाडी आहे ते आधीच विचारून ठेवा.

चष्म्याचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात, त्याआधी नवा चष्मा म्हणजे पैसे वाया. तोवर जुन्या चष्म्याने त्या डोळ्याला गोंधळल्यासारखं होतं. चष्मेवाल्याकडून त्या बाजूची काच काढून घेतली की जिना उतरताना पाय चुकत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. ऑपरेशनमध्ये बसवलेल्या भिंगामागचा पडदा गढूळ झालेला असतो, आणि तो लेझरने दवाखान्यात बसल्या बसल्या साफ करतात.