तव्यावरचं अंडं: हाफ फ्राय आणि भुर्जी

भुर्जी बिघडली की दोष अंड्याला दिला जातो, पण बहुतेक वेळा ती कांद्यामुळे बिघडलेली असते. कांदा घाईत उरकतात, टोमॅटो कच्चा राहतो आणि मग ती कसर भरून काढायला अंडी घातल्यावर सात-आठ मिनिटं परतत बसतात. अंडं चिवट होतं, कढईच्या तळाशी पाणी सुटतं, भाकर ओली होते. खरं तर वेळ द्यायचा तो कांद्या-टोमॅटोला. अंड्याला मोठ्या कढईत दोन मिनिटंही पुष्कळ झाली.

आधी अंडं पारखून घ्या. पातेल्यात गार पाणी घेऊन अंडं सोडा. तळाला आडवं पडलं तर ताजं. तळालाच पण उभं राहिलं तर जुनं, ते भुर्जीला किंवा उकडायला वापरावं. वर तरंगलं तर टाकून द्या. अंडं जुनं होत जातं तसा आतला ओलावा कवचाच्या बारीक छिद्रांतून उडतो आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून ते वर येतं. हाफ फ्रायला ताजंच लागतं. जुन्या अंड्याचं पांढरं पातळ होऊन तव्यावर पसरतं, बलकही लवकर फुटतो.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात याची जास्त काळजी हवी. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात अंडी भराभर उतरतात. गावरान कोंबडी कोंबड्यासोबत मोकळी फिरत असेल तर तिचं अंडं बहुधा फलित असतं. अशा उष्णतेत त्यातला जीव नुसत्या हवेच्या उबेनंही वाढू लागतो. फोडल्यावर बलकावर लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते अंडं टाका. एखादा लाल ठिपका मात्र वेगळा. अंडं तयार होताना कोंबडीच्या पोटात बारीक रक्तवाहिनी फुटल्यानं तो येतो. चमच्याच्या टोकानं काढला की झालं. फ्रिज नसेल तर दोन दिवसांपुरतीच अंडी आणा. आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, कवचावरचा नैसर्गिक थर जातो. घाण लागलेली असेल तर फोडायच्या आधी धुवा आणि लगेच पुसा.

अंडं नेहमी वेगळ्या वाटीत फोडायचं. एखादं नासकं निघालं तर सगळी भुर्जी वाया जात नाही. वाटीच्या काठावर आपटण्यापेक्षा सपाट ओट्यावर टिचवलं की कवचाचा चुरा आत कमी जातो. तरी तुकडा पडलाच तर बोटानं तो निसटत राहतो; फुटक्या कवचाच्या कडेनं काढा, लगेच येतो.

हाफ फ्राय

भाकरीचा तवा यासाठी घेऊ नका. त्यावर पिठाचा जळका थर असतो, अंडं तिथं धरतं. नॉनस्टिक किंवा तेल मुरलेला बिडाचा छोटा तवा उत्तम. नवा लोखंडी तवा असेल तर आधी तेलाचा पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा, गार करा, पुसा. असं चार-पाच वेळा केलं की तो अंडं सोडू लागतो.

तवा किती तापला हे पाण्याच्या थेंबानं बघायचं, आणि तेही तेल घालण्याआधी. थेंब चर्र करून दोन-तीन सेकंदांत आटला तर तवा बरोबर. थेंब आवाज न करता मोत्यासारखा गोल होऊन इकडे तिकडे पळत असेल तर तवा फार तापलाय. खाली उतरवून अर्धा मिनिट थांबा. थेंब नुसता पसरून बसला तर अजून गार आहे. गार तव्यावर टाकलेलं अंडं हमखास चिकटतं, कारण पांढरं गोठायला वेळ लागतो आणि तोवर ते धातूला धरून बसतं.

एका अंड्याला दीड चहाचा चमचा तेल. घाण्याचं करडई तेल चवीला खमंग, पण त्याला धूर लवकर येतो, म्हणून आच मध्यमच्या खाली ठेवा. वाटी तव्याला टेकवूनच अंडं ओता, उंचावरून नको. कडा पांढऱ्या होऊ लागल्या की आच बारीक करा, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडा आणि झाकण ठेवा. ४० ते ६० सेकंदांत वाफेनं वरचं पांढरं धरतं. पांढरं साधारण ६२ अंशांपासून गोठायला लागतं आणि बलक ६५ ते ७० च्या दरम्यान घट्ट होतो. फरक इतका थोडा असल्यानं इथं गॅसजवळून हलायचं नाही. बलकाभोवतीचं पाण्यासारखं पांढरं गेलं आणि बलकावर दुधाळ पापुद्रा आला की उतरवा. मीठ आणि मिरपूड वरून, उतरवल्यावर.

कडा तपकिरी, जाळीदार आणि मध्यभाग कच्चा राहिला तर आच जास्त होती. काहींना तशी कुरकुरीत कड आवडते. मग गरम तेल चमच्यानं फक्त पांढऱ्यावर उडवत राहा. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना ओला बलक देऊ नका. त्यांच्यासाठी उलटून दोन्हीकडून पूर्ण शिजवा.

भुर्जी

तिघांना भाकरीबरोबर: ४ अंडी, २ मध्यम कांदे, १ मोठा पिकलेला टोमॅटो, ३ हिरव्या मिरच्या, ७-८ लसूण पाकळ्या, अडीच मोठे चमचे तेल, पाव चहाचा चमचा हळद, १ चहाचा चमचा काळं तिखट, पाऊण चहाचा चमचा मीठ, मूठभर कोथिंबीर. गावरान अंडी लहान असतात, ती ५ घ्या.

कांदा बारीक चिरा, किसू नका. किसलेला कांदा पाणी सोडतो आणि भाजण्याऐवजी उकडतो. तेल तापलं की ठेचलेला लसूण आणि मिरची, लसणाचा वास सुटला की कांदा. मध्यम आचेवर ७-८ मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. मग टोमॅटो आणि सगळं मीठ एकदम. मिठानं टोमॅटोचं पाणी लवकर सुटतं आणि लवकर आटतं. उलथन्यानं मध्ये रेघ ओढून बघा. रेघेत पाणी धावून आलं तर अजून आटवा. रेघ तशीच राहिली आणि कडेला तेल दिसलं तर झालं. आता हळद आणि काळं तिखट. लातूर-धाराशिवकडच्या काळ्या तिखटात मसाले आणि खोबरं आधीच भाजलेलं असतं, म्हणून ते फोडणीत टाकलं तर करपून कडवट होतं. इथं पंधरा सेकंद पुरतात. येसर हे मसाल्याचं पीठ यात नको. त्यात भाजलेली धान्यं-डाळी असतात, ते रस्सा दाट करायला चांगलं.

अंडी वाटीत काट्यानं आठ-दहा वेळाच हलवा, फेस काढायचा नाही. मसाला सगळीकडे पसरून वर ओता आणि वीस सेकंद हात लावू नका. तळ धरला की उलथनं तळातून सरकवत मोठ्या घड्या घाला. सतत ढवळलं तर वाळूसारखा चुरा होतो, गठ्ठे राहत नाहीत. अंडं वाहायचं थांबलं, पण वरून अजून चकाकतंय, तेव्हा गॅस बंद. उरलेलं काम कढईची उष्णता मिनिटभरात करते. कोथिंबीर घालून एकदा हलवा आणि कढईतून लगेच ताटलीत काढा.

पावाबरोबर ओलसर भुर्जी हवी असेल तर दोन अंड्यांमागे एक मोठा चमचा दूध घाला. ज्वारीच्या भाकरीला कोरडीच बरी, घासात नीट बसते.

टोमॅटो असल्यामुळे लोखंडी कढई टाळा. आंबटपणानं लोखंड उतरतं, भुर्जी काळपट दिसते आणि जिभेला गंजासारखी चव लागते. जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची जाड कढई किंवा स्टील चालतं.

भांडं धुताना गरम पाणी घालू नका. चिकटलेलं अंडं आणखी शिजून घट्ट बसतं. गार पाण्यात दहा मिनिटं भिजवलं की नारळाच्या काथ्यानं सहज निघतं. बिडाचा तवा मात्र भिजत ठेवायचा नाही: गरम असतानाच कागदानं पुसा, राहिलंच तर चिमूटभर जाड मिठानं घासा, कोरडा करा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवा.