इंग्रजी शब्दांतील मूक अक्षरे : उच्चाराचा अंदाज कसा बांधावा

जे अक्षर दिसते ते उच्चारायचे, या देवनागरीच्या सवयीने इंग्रजी वाचू लागणारा 'नाइफ', 'डेट' (कर्ज) किंवा 'आयलंड' या शब्दांपाशी हमखास अडखळतो. पाठांतराने तेवढे शब्द निभावतात, परंतु नवा शब्द आला की अडचण पुन्हा उभी राहते. त्यापेक्षा ते मूक अक्षर शब्दात कुठून आले, हे पाहावे. त्यावरून उच्चाराचा अंदाज बहुधा बांधता येतो.

पुष्कळ अक्षरे जुन्या उच्चाराचे अवशेष आहेत. सरदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दातील 'के' आणि 'जीएच' मध्ययुगात खरोखरच उच्चारले जात; तो शब्द साधारण 'क्निख्त' असा ऐकू येई. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला आणि पुढच्या दोन शतकांत स्पेलिंग हळूहळू ठरत गेले. पण नेमक्या त्याच काळात दीर्घ स्वरांचे उच्चार बदलत होते, त्यामुळे आजचा 'हाउस' जेव्हा 'हूस' होता तेव्हाच्या बोलीची छाया लिखाणात राहून गेली. म्हणून आरंभी 'केएन' किंवा 'डब्ल्यूआर' दिसल्यास पहिले अक्षर सोडून द्यावे, आणि 'आयजीएचटी' हा शेवट बहुधा 'आइट' असा वाचावा. 'जीएच'चा नियम मात्र सर्वत्र लावू नये, कारण 'लाफ', 'कफ', 'इनफ' यांत त्याचा 'फ' झाला आहे.

काही अक्षरे विद्वानांनी मुद्दाम घुसवली. 'डेट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिनमधील 'डेबिटुम'शी नाते दिसावे म्हणून तो नंतर आला. 'डाउट'मधील 'बी' आणि 'रिसीट'मधील 'पी' यांची कथाही अशीच आहे. 'आयलंड'मधील 'एस' तर निव्वळ चूक आहे : मूळ इंग्रजी शब्दात तो कधीच नव्हता, पण 'आइल' (बेट) या दुसऱ्याच शब्दाच्या प्रभावाने तो येऊन बसला. शाळेत ज्या 'एस'साठी गुण कापले जातात, त्याची योग्यता एवढीच आहे!

स्पेलिंग लक्षात ठेवण्यासाठी मात्र मूक अक्षरे उपयोगी पडतात. त्याच कुळातील असा शब्द शोधावा, ज्यात ते अक्षर बोलते. 'साइन'मधला मुका 'जी' 'सिग्नेचर'मध्ये, 'बॉम'मधला शेवटचा 'बी' 'बॉम्बार्ड'मध्ये, 'मसल'मधला 'सी' 'मस्क्युलर'मध्ये आणि 'ऑटम'मधला 'एन' 'ऑटम्नल'मध्ये स्पष्ट ऐकू येतो. 'डेट'साठी 'डेबिट' आठवावा.

'सीएच' दिसल्यास शब्दाचे मूळ पाहावे. 'चर्च', 'चाइल्ड' अशा घरगुती शब्दांत 'च', 'केमिस्ट्री', 'कोरस', 'आर्किटेक्ट' अशा ग्रीक वळणाच्या शब्दांत 'क', तर 'शेफ', 'मशीन' अशा फ्रेंच शब्दांत 'श' होतो. शास्त्रीय संज्ञा असेल तर 'क' धरून चालणे बहुधा सुरक्षित असते.

मराठी भाषकांची खरी चूक अनेकदा आघातात, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा यात, होते. आपण प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारतो. इंग्रजीत आघात नसलेला स्वर दबून अस्पष्ट 'अ'सारखा होतो. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर) आहे, 'फटॉग्रफर'मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला 'ओ' जवळजवळ विरतो. शब्दकोशात उच्चार पाहताना ज्या अवयवाआधी वर छोटी उभी रेघ आहे त्यावर जोर द्यावा, आणि उलटा 'ई' दिसेल तिथे स्वर दाबावा.

इंग्लंडमधील स्थळनामांना यांतले काहीच लावू नये. 'लेस्टर', 'वुस्टर', 'ग्रेनिच' ही नावे स्पेलिंगवरून ओळखू येत नाहीत. तिथे थेट कोशच उघडावा.