आजोळी 'गेलो' की 'जायचो'? फ्रेंचचा अँपार्फे शिकताना

पुण्यात ऑफिस सुटल्यावर संध्याकाळच्या फ्रेंच वर्गाला जायचे, तेव्हाची गोष्ट. ए२, म्हणजे सुरुवातीची दुसरी पातळी चालू होती. मॅडमनी निबंध दिला होता : लहानपणीची सुट्टी. चिपळूणजवळच्या आजोळावर मी पानभर मन लावून लिहिलं. वही परत आली तेव्हा स्पेलिंगच्या चुका फार नव्हत्या. पण 'नू सॉम आले', म्हणजे 'आम्ही गेलो', या शब्दांभोवती लाल गोल होता आणि समासात लिहिलं होतं, 'युन सल फ्वा?' फक्त एकदाच?

आम्ही तर दर मे महिन्यात आजोळी जायचो. मराठीत सांगताना 'गेलो' हा शब्द माझ्या तोंडी आलाच नसता. मी वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवलं होतं, आणि इंग्रजीच्या 'वेन्ट'मध्ये 'गेलो' आणि 'जायचो' दोन्ही मावतात. फ्रेंच मात्र मराठीसारखंच हे दोन वेगळे ठेवतं. एकदा घडून गेलेल्या गोष्टीला पासे काँपोझे हा भूतकाळ. नेहमी घडायच्या किंवा त्या वेळी चालू असलेल्या गोष्टीला अँपार्फे हा दुसरा भूतकाळ. मराठी व्याकरणातला रीती भूतकाळ (जात असे, बोलताना 'जायचो') आणि अपूर्ण भूतकाळ (जात होतो), दोघांचं काम हा एकटा अँपार्फे करतो. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की या काळापुरतं तरी इंग्रजी बाजूला ठेवा आणि थेट मराठीतून फ्रेंचकडे या.

रूपं करणं सोपं आहे. वर्तमानकाळातलं 'नू'चं, म्हणजे 'आम्ही'चं रूप घ्या, त्याचं शेवटचं 'ओं' काढा आणि उरलेल्या अंगाला प्रत्यय लावा. 'नू पार्लों'वरून 'ज पार्ले', मी बोलायचे. 'नू फिनिसों'वरून 'ज फिनिसे'. पिणे हे क्रियापद एरवी त्रास देतं, पण इथे 'नू ब्युव्हों'वरून सरळ 'ज ब्युव्हे' होतं. नियम मोडणारं क्रियापद एकच, एत्र, म्हणजे असणे. त्याचं 'ज एते' होतं. 'सेते' (ते होतं) आणि 'इलियाव्हे' (तिथे होतं) हे दोन शब्द पहिल्याच दिवशी पाठ करून टाका. डेल्फ या फ्रेंच प्रमाणपत्राच्या ए२ पातळीच्या लेखी परीक्षेत एखादा अनुभव लिहायला सांगतात, तेव्हा हे दोन्ही हमखास लागतात.

लिहिताना थोडं जपावं लागतं. मांजे, म्हणजे खाणे, या क्रियापदात 'जी'चा उच्चार 'ज' राहावा म्हणून 'ज मांजे' लिहिताना मधला 'ई' ठेवतात. 'नू मांजियों'मध्ये पुढे 'आय' असतोच, म्हणून तिथे त्याची गरज नाही.

मला खरी अडचण आली ती कानाची. मी, तू, तो आणि ते या चौघांचे प्रत्यय लिहायला वेगवेगळे आहेत : ए-आय-एस, ए-आय-एस, ए-आय-टी आणि ए-आय-ई-एन-टी. उच्चार मात्र सगळ्यांचा एकच, थोडा उघडा 'ए'. पूर्वी तर हे प्रत्यय लिहिताना पहिल्या 'ए' अक्षराच्या जागी 'ओ' अक्षर घालत. फ्रेंच लेखक व्होल्तेरने 'ए' अक्षराचा आग्रह धरला होता, पण फ्रेंच अकादमीच्या कोशाने तो बदल स्वीकारला 1835 साली. कानाच्या अडचणीत भर म्हणजे 'ज पार्ले' (मी बोलत होते) आणि 'जे पार्ले' (मी बोलले) यांतला फरक नवख्या कानाला लागतच नाही. श्रुतलेखनात मी कितीतरी दिवस शेवटच्या अक्षराकडे कान लावून बसायचे. नंतर मॅडमनी सांगितलं, सुरुवात ऐक. ओठ पुढे काढून तोकडा 'ज' आला तर अँपार्फे, स्पष्ट 'जे' आला तर पासे काँपोझे. त्यानंतर माझं श्रुतलेखन सुधारलं.

मराठीची साथ पुढेही मिळते. 'ज साव्हे' म्हणजे मला माहीत होतं, 'जे स्यू' म्हणजे मला कळलं. 'ज पुव्हे' म्हणजे मला जाता येत होतं, मग गेले असेन किंवा नसेन. 'जे प्यू' म्हणजे जाता आलं, गेलेच. इंग्रजीतून हा फरक समजावायला पानभर लागतं, आपल्याला तो घरातूनच मिळालेला असतो. अदबीचंही तसंच. 'मला जरा विचारायचं होतं' असं आपण म्हणतो, आणि फ्रेंच माणूसही 'ज व्हुले' असा भूतकाळच वापरतो.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते, तिथे सावध राहा. 'मी तीन वर्षं कोथरूडला राहत होते' हे वाक्य ऐकून हात आपोआप अँपार्फेकडे जातो. पण तीन वर्षं मोजून झाली आणि तो काळ संपला, म्हणून फ्रेंचमध्ये पासे काँपोझे, 'जे आबिते'. 'तेव्हा मी कोथरूडला राहत होते' असं नुसतं म्हटलं तर अँपार्फे, 'जाबिते'. आणि 'दहा मिनिटांपासून वाट बघत होते, तेवढ्यात बस आली' यात आकडा असला तरी वाट बघणं अँपार्फेच, कारण बस आली तेव्हा ते चालूच होतं. हा भाग मला सगळ्यात उशिरा उमगला. त्यासाठी मी स्वतःची पन्नासेक मराठी वाक्यं लिहून काढली आणि प्रत्येकाला विचारत गेले : यातला काळ मोजून संपलाय का?

तोच आजोळचा निबंध मी पुन्हा लिहून दिला. आजी पहाटे उठायची, अंगणात सडा घालायची, आम्ही फणसाचे गरे खायचो, विहिरीवर गार वारा असायचा. अकरा क्रियापदं, अकरा अँपार्फे. पासे काँपोझे एकच, शेवटच्या ओळीत : एका वर्षी कळशी विहिरीत पडली.