राजीनाम्यावर सही करण्याआधी: उत्पादन परदेशी गेले तर कामगाराच्या पदरात काय पडते

मशिनरी खोक्यात भरून व्हिएतनामला किंवा थायलंडला निघाली की एचआरवाले एकेकाला आत बोलावतात. टेबलावर दोन कागद असतात, राजीनामा आणि चेक. यातला पहिला कागद महागात पडतो, कारण पुढची सरकारी मदत तुम्ही कामावरून कसे गेलात यावर ठरते.

उत्पादन परदेशी गेल्यामुळे काम गेलेल्यांसाठी भारतात वेगळी योजना नाही. अमेरिकेत 1962 पासून अशी मदत होती, पण 1 जुलै 2022 पासून तिथेही नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबले. आपल्याकडे मुख्य आधार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) बेकारी भत्त्याचा.

ईएसआयकडे दोन योजना आहेत. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 पासून आहे. कामगार कपातीने किंवा कारखाना बंद झाल्याने काम गेले आणि किमान दोन वर्षे वर्गणी भरलेली असली, तर जास्तीत जास्त 24 महिने भत्ता मिळतो. पहिले 12 महिने सरासरी रोजच्या पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. रोजचा पगार 600 रुपये असेल तर पहिल्या वर्षी 1,09,500 आणि दुसऱ्या वर्षी 54,750, एकूण 1,64,250 रुपये. शिवाय त्या काळात घरच्यांसह औषधोपचार चालू राहतात. हे सगळे राजीनाम्याने किंवा व्हीआरएसने (स्वेच्छानिवृत्तीने) जाते.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. हिच्यात 50 टक्के दराने कमाल 90 दिवस, म्हणजे वरच्या हिशेबाने 27,000 रुपये, आणि तेही आयुष्यात एकदाच. काम सुटल्यावर 30 दिवसांनी ईएसआयच्या पोर्टलवर कामगार स्वतः अर्ज करतो, मालकाची सही लागत नाही. काम सुटण्यापूर्वीची दोन वर्षे विमा असलेल्या नोकरीत गेलेली हवीत. शेवटच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात तेवढीच. (वर्गणी-काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.) ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून आधी शाखा कार्यालयात विचारा. दोन्ही भत्ते एकत्र मिळत नाहीत. पात्र असाल तर पहिलीच मागा.

अर्ज अडकतो तो बहुतेक एकाच जागी. मालक दरमहा वर्गणी भरताना काम सोडण्याचे कारण नोंदवतो. तिथे 'रिट्रेंचमेंट' (कपात) लिहायला हवे, पण सोय म्हणून 'लेफ्ट सर्व्हिस' टाकले जाते आणि मग कामगार स्वतःच सोडून गेला असे दिसते. म्हणून कपातीचे किंवा बंदचे पत्र लेखी घ्या, ते नसेल तर गेटवरच्या नोटिशीचा फोटो ठेवा. ईएसआय खात्यातला आधार क्रमांक आणि बँक खाते नोकरी चालू असतानाच तपासून घ्या. पगार 21,000 च्या वर गेलेला असेल तर चालू वर्गणी-काळ संपल्यावर ईएसआय सुटतो. अशांनी या भत्त्याच्या भरवशावर राहू नये.

आता कंपनीकडून यायचे पैसे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. कपातीची भरपाई सेवेच्या दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. 18,000 पगार आणि 14 वर्षे 7 महिने सेवा असेल तर 15 वर्षांचे 1,35,000 रुपये. ग्रॅच्युइटी वेगळी. तिच्यात महिन्याच्या पगाराला 30 ऐवजी 26 ने भागायचे असते, म्हणून ती 1,55,769 येते. एचआर दोन्हींची एकच रक्कम करून दाखवतो, तेव्हा हिशेब वेगळा मागा. पगार म्हणजे फक्त बेसिक, हेही आता चालत नाही. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारातच धरतात.

याच संहितेत पुनर्कौशल्य निधी (नवे काम शिकण्यासाठीचा) आहे. कपात केलेल्या प्रत्येकामागे मालकाने शेवटच्या पगाराचे 15 दिवसांचे पैसे निधीत भरायचे आणि ते कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे. याबद्दल गेटवर कोणी बोलत नाही. तुम्ही विचारा.

300 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर बंद करायला सरकारची परवानगी लागते, आणि अर्ज 90 दिवस आधी द्यावा लागतो. म्हणून वावड्या उठताच युनियनमार्फत सहायक कामगार आयुक्तांकडे अर्जाची प्रत मागा. वाद नेण्याची मुदत दोन वर्षे आहे. पण वाद लांबतो. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले, त्यानंतर कामगारांचे प्रकरण बराच काळ न्यायालयात होते. तोवर घर चालवायला भत्ता लागतोच.

बंद करण्याआधी लांबच्या प्लांटला बदलीचे पत्रही येते. न जाता घरी बसलात तर ते गैरवर्तन ठरवतात, आणि गैरवर्तनाने गेलेल्याला भत्ता नाही. नेमणूकपत्रातले बदलीचे कलम वाचा आणि लेखी उत्तर देऊन पोच घ्या.

व्हीआरएस नेहमीच वाईट असते असे नाही. भरपाई, भत्ता आणि निधीचे 15 दिवस यांची बेरीज करा. व्हीआरएसची रक्कम ग्रॅच्युइटी वगळून त्याहून ठळकपणे जास्त असेल, तर घ्यायला हरकत नाही.

पीएफसाठी मालकाने बाहेर पडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हीच पीएफच्या यूएएन पोर्टलवर भरू शकता. पेन्शनचे पैसे मात्र काढू नका, स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठीच्या सेवेचा दाखला) घ्या. नवी नोकरी लागली तर ती सेवा जोडली जाते. नोकरी लागल्याचे ईएसआयलाही लगेच कळवा, नाहीतर घेतलेला भत्ता परत करावा लागतो.